चाक जागेवर राहावं म्हणून

सायकलचं पुढचं चाक काढायला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, तर मी सांगत बसत नाही, काढून दाखवतो. खटका उघडायचा, पलीकडचा नट दोन-चार फेरे सैल करायचा, सायकल जरा उचलायची, चाक हातात. पाना लागत नाही, आवाज होत नाही, हातही काळे होत नाहीत. मुलाला नवी गिअरची सायकल घेऊन दिलेले आईवडील हे पाहून एकदम गप्प होतात. मला त्यांना घाबरवायचं नसतं. पण जी गोष्ट आपल्याला इतक्या सहज काढता येते ती रस्त्यावरच्या कुणालाही काढता येते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणसाला पटत नाही.

पुण्यात आमचं सायकलदुरुस्तीचं दुकान वडिलांपासूनचं. त्यांच्या वेळी तासावर सायकली भाड्याने दिल्या जात. काळ्या, जड, २८ इंची चाकांच्या. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. चाक भरीव एक्सलवर, दोन्ही बाजूंना नट, आणि त्या नटांखालीच मडगार्डच्या सळ्या, मागे कॅरिअर आणि स्टँडचे पाय अडकवलेले. चाक सोडवायचं म्हणजे हा सगळा पसारा मोकळा करायचा, वर दोन-तीन पावसाळ्यांचा गंज. चोराला त्यापेक्षा अख्खी सायकल नेणं सोपं पडे. म्हणून कुलूप मागच्या चाकाला: किल्ली फिरवली की तारांमधून आरपार दांडी जाई आणि चाक फिरेनासं होई. चोरीला जायचं ते डायनॅमो, घंटी, पंप. नुसतं चाक गेल्याची तक्रार घेऊन कुणी आलेलं मला लहानपणचं आठवत नाही.

२००५ नंतर आमच्याकडे गिअरच्या हलक्या सायकली दुरुस्तीला येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर क्विक रिलीजचा खटका आला. रचना फार सुंदर आहे. एक्सल पोकळ, त्यातून ५ मिलिमीटरची सळई आरपार. एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला खटका, दोन्हीकडे आतल्या बाजूला शंकूच्या आकाराची छोटी स्प्रिंग. खटक्याच्या मुळाशी जो गोलवा असतो तो मध्यापासून जरा बाजूला सरकवलेला असतो; खटका मिटताना तो सळई खेचतो आणि चाक चिमट्यात घट्ट बसतं. खटका नीट मिटला की तळहातावर त्याचा वळ उमटला पाहिजे, हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. पुष्कळ जण खटका नुसता गोल गोल फिरवून आवळतात. ते फार धोक्याचं आहे, चोरापेक्षाही.

हा शोध इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो या शर्यतपटूचा. १९२७ साली डोलोमाइट पर्वतातल्या क्रोचे दाउने खिंडीत शर्यत चालू असताना थंडीने त्याची बोटं बधिर झाली आणि मागच्या चाकाचे पंखाचे नट त्याला उघडता येईनात, अशी कथा सांगतात. त्या काळी चढावर गिअर बदलायचा म्हणजे मागचं चाक काढून उलटं बसवावं लागे. पुढे त्याने हा खटका तयार केला आणि १९३३ मध्ये विचेन्झा गावात कारखाना काढला. मी ही कथा दुकानात अनेकांना सांगतो, कारण तिच्यातच आपल्या अडचणीचं मूळ आहे. शर्यतीतल्या सायकलमागे माणसं असतात. ती सायकल कधी कॉलेजच्या भिंतीला टेकून सहा तास एकटी उभी राहत नाही. शर्यतीत जे वरदान, ते आपण क्लासला, बँकेत आणि भाजी आणायला जाणाऱ्या सायकलवर जसंच्या तसं बसवून घेतलं.

त्याचा पहिला मोठा धडा मिळाला तो एका वैद्यकीय विद्यार्थ्यामुळे. तो दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात फक्त पुढचं चाक होतं, आणि चाकाभोवती केबलचं कुलूप, बंद. वसतिगृहाच्या आवारात सिमेंटच्या खाचांचं स्टँड होतं. पुढचं चाक खाचेत घालायचं, कुलूप चाकातून आणि स्टँडच्या लोखंडी कडीतून ओवायचं, असं सगळेच करत. चोराने कुलपाला हातच लावला नाही. खटका उघडला, चाक स्टँडला तसंच ठेवलं आणि बाकीची सायकल उचलून नेली. तो मुलगा मला विचारत होता, "काका, निदान या चाकाचं काही येईल का?" चाक चांगलं होतं, टायर जवळजवळ नवा होता. मी त्याचे योग्य पैसे दिले. पण त्या पैशांत त्याला सायकल मिळणार नव्हती. रात्रपाळी संपवून पहाटे खोलीवर जायला त्याला तीच सायकल होती.

त्यानंतर माझं सगळं बोलणंच बदललं. कुलूप किती जाड, किती महाग, हे लोक विचारतात. मी विचारतो, कुलूप कशाभोवती जाणार? सायकल कुठे उभी असते, किती वेळ, तिथे पक्की गज-रेलिंग आहे का? अमेरिकेत शेल्डन ब्राउन नावाचे सायकल मेकॅनिक होते, २००८ साली ते गेले. त्यांनी सायकलबद्दल लिहून ठेवलेलं जगभरचे मेकॅनिक आजही वाचतात. त्यांची एक युक्ती मी कितीतरी जणांना शिकवली आहे: इंग्रजी यू अक्षरासारखं कुलूप मागच्या चाकाच्या रिमभोवती घालायचं, पण फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, आणि तिथूनच रेलिंगला अडकवायचं. वरकरणी फ्रेमला कुलूपच नाही असं वाटतं. पण कुलूप लावलेलं चाक त्रिकोणातून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून फ्रेमही हलत नाही. एका लहान कुलपात मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही सांभाळली जातात. उरतं पुढचं चाक.

आणि चोरांचा डोळा त्यावरच असतो. मागचं चाक महाग खरं, त्यावर गिअरचा संच असतो, पण ते काढताना चेनच्या तेलाने हात बरबटतात. पुढचं स्वच्छ निघतं. ज्याचं गेलं त्याला मात्र रिम, हब, तारा, टायर, ट्यूब आणि डिस्क ब्रेक असेल तर त्याची चकतीसुद्धा, सगळंच नव्याने घ्यावं लागतं.

पुढच्या चाकासाठी मी काय काय बसवून पाहिलं, ते सांगण्यासारखं आहे. सगळ्यात स्वस्त उपाय पाइपची क्लिप. गॅसच्या नळीला लावतात तीच, मोठ्या मापाची. खटका मिटवून चिमट्याच्या पायाला लागून ठेवायचा आणि दोघांभोवती क्लिप आवळायची. आता खटका उघडायला आधी स्क्रूड्रायव्हर हवा. दिसायला चांगलं नाही, चिमट्याचा रंगही थोडा जातो, म्हणून मी आत जुन्या ट्यूबची पट्टी घालतो. जाता जाता हात मारणारा इथे थांबतो. खिशात हत्यार घेऊन आलेला थांबत नाही.

दुसरा उपाय, खटक्याची सळईच बदलून ॲलन कीने उघडणारी सळई घालायची. पण ५ मिलिमीटरची ॲलन की आज प्रत्येक सायकलस्वाराकडे असते, म्हणजे चोराकडेही. त्यावर एक साधा इलाज आहे आणि तो माझा फार आवडता आहे. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंचाचे छर्रे असतात, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरचे. असा एक छर्रा त्या ५ मिलिमीटरच्या भोकात अलगद बसतो. वरून मेणबत्तीचं मेण ओतायचं आणि बोटाने सपाट करायचं. ॲलन की आत जातच नाही. पावसाने मेण हलत नाही. आपल्याला चाक काढायचं असेल तेव्हा सुईने मेण खरवडायचं, सायकल आडवी करून दोन टिचक्या मारायच्या, छर्रा बाहेर. शेजारच्या क्लासमधल्या मुलींच्या सायकलींना मी हे करून देतो. त्याचे पैसे घ्यावेत इतका त्यात खर्चच नाही.

ज्यांची सायकल महाग आहे त्यांच्यासाठी बाहेरच्या देशांतल्या कंपन्यांचे नट मिळतात. पिनहेड आणि पिटलॉक यांच्या नटाला स्वतःची वेगळी किल्ली असते, दुसरा पाना त्यावर बसत नाही. हेक्सलॉक्स हा बर्लिनचा प्रकार. ॲलनच्या भोकात चुंबकाने चिकटून राहणारा छोटा तुकडा, तो किल्लीनेच निघतो. त्याला बोल्ट पोलादी हवा, ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, हे विकत घेण्याआधी बघावं. आबुस या जर्मन कंपनीचं नटफिक्स मला सर्वांत हुशारीचं वाटलं. सायकल आडवी पाडल्याशिवाय त्याचं झाकण सुटत नाही, आणि फ्रेम खांबाला नीट बांधलेली असेल तर ती आडवी पाडता येत नाही. वेगळी किल्ली नको, हरवण्याची भीती नको.

किल्लीची भीती खोटी नाही. आमचे एक गिऱ्हाईक, बँकेतले अधिकारी, रविवारी सिंहगडाकडे गेले असताना डोणज्याजवळ मागचं चाक पंक्चर झालं. किल्लीचे नट त्यांनी हौसेने बसवलेले. किल्ली घरी, टेबलाच्या खणात. त्यांनी घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, जवळच्या टपरीवर जा, तो चाक काढणारच नाही. आपल्याकडचा पंक्चरवाला असाच शिकलेला असतो. सायकल उलटी करतो, टायरची एक कड रिमवरून सोडवतो, ट्यूब लागेल तेवढीच बाहेर ओढतो, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवतो. बुडबुडे आले की तेवढी जागा पुसून, कानसेने खरवडून, सोल्यूशन लावून पॅच दाबतो. चाक जागचं हलत नाही. भरीव एक्सलच्या, गंजक्या नटांच्या सायकलींवर पिढ्यान्‌पिढ्या काम करून ही पद्धत पक्की झाली आहे. साहेब अर्ध्या तासात पुन्हा चढाला लागले. मात्र ट्यूबच बदलायची असेल किंवा गिअरच्या बाजूची तार तुटली असेल, तर चाक काढण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून मी नट बसवून देतो तेव्हाच एक किल्ली घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घालायला लावतो आणि दुसरी सीटखालच्या पिशवीत नाही, तर घरी ठेवायला सांगतो. सायकलवर ठेवलेली किल्ली चोरालाच सापडते.

पण ज्या दुरुस्तीचा मला मनापासून अभिमान आहे ती यातली कुठलीच नाही. आमच्या भागात पेपर टाकणारे एक दादा आहेत. गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी जुनी गिअरची सायकल घेतली. पहाटे एकेका सोसायटीत सायकल खाली ठेवून ते चार-चार मजले चढतात. एकदा खाली आले तर पुढचं चाक नाही. कॅरिअरवर पेपरांचा गठ्ठा तसाच. त्या दिवशीचे उरलेले पेपर त्यांनी पायी टाकले आणि मग दुकान उघडायची वाट बघत पायरीवर बसून राहिले. प्रत्येक जिन्यापाशी त्यांना कुलूप लावणं शक्य नव्हतं आणि महागडे नट परवडणारे नव्हते. मी त्यांना म्हटलं, दादा, दोन्ही चाकांतून हा खटकाच काढून टाकू.

हबचे कोन सैल केले आणि पोकळ एक्सल ओढला की छर्रे ताटलीत टपटप पडतात. ते डिझेलमध्ये धुवायचे, हबमधलं काळं ग्रीस फडक्याने पुसायचं, छर्रे फिरतात ती वाटी बोटाने चाचपायची. खडबडीत लागली तर छर्रे बदलायचे. नवं ग्रीस भरून एकेक छर्रा त्यात दाबत जायचं, ग्रीस त्यांना धरून ठेवतं. मग भरीव एक्सल घालायचा, पुढे ९ मिलिमीटरचा, मागे १० चा. खटक्याच्या सायकलच्या खाचेत हाच बसतो. कोन इतके आवळायचे की चाक मोकळं फिरावं, पण कडेने हलवलं तर खडखड लागू नये. शेवटी बाहेरून वायसर आणि नट, पान्याने पक्के. दादांची सायकल पुन्हा वडिलांच्या काळातल्या सायकलसारखी झाली: चाक काढायचं तर पाना आणा आणि सगळ्यांसमोर उभं राहून जोर लावा. रोजच्या कामाच्या सायकलला मला आजही हाच उपाय सर्वांत चांगला वाटतो. रोज गाडीत घालून घाटात सायकल नेणाऱ्याला खटका हवा. पेपर, डबे, दूध पोचवणाऱ्याला चाक काढायची गरज वर्षातून एखाद्या वेळी, आणि तेव्हा मी आहेच की.

चोरीचं चाक जातं कुठे, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं छळत होता. बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे सुटी चाकं दिसतात. त्यातलं कुठलं प्रामाणिकपणे विकलेलं आणि कुठलं नाही, हे सांगता येत नाही. दुकानात विकायला आणणारेही असतात. विशीतली मुलं, चाकावर टायर-ट्यूब जशीच्या तशी, हवासुद्धा भरलेली. जो स्वतःची सायकल मोडतो तो टायर वेगळा, ट्यूब वेगळी करून आणतो. भरल्या हवेचं चाक आमच्या दुकानात घेतलं जात नाही, हा नियम मी कामावरच्या पोरांनाही घालून दिला आहे. चाक विकत घेणारा दुकानदार नसेल तर ते चोरण्यातही काही राम उरत नाही.

त्याच सुमाराला मी आणखी एक गोष्ट सुरू केली. नवं चाक विणलं किंवा आउट काढायला टायर उतरवला, की जाड कागदाच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि आमच्या वहीतला क्रमांक लिहायचा, वर सेलोटेप गुंडाळायची आणि चिठ्ठी रिम टेपच्या खाली ठेवायची. फ्रेमचा नंबर पॅडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो, तो वहीत उतरवून घ्यायचा. चाकाला स्वतःचा नंबर नसतो, म्हणून ही चिठ्ठी.

एकदा घरोघरी जेवण पोचवणारा एक मुलगा चाक वाकडं झालं म्हणून आला. मी टायर उतरवला, रिम टेप सरकवली, आणि माझ्याच अक्षरातली चिठ्ठी समोर आली. वही काढली. चाक एका शिक्षिकेच्या सायकलचं होतं. ते गेल्यावर त्या स्वतः रडवेल्या होऊन सांगायला आल्या होत्या. मुलगा म्हणाला, बाजारातून घेतलं, रोख दिले. मला तो खरं बोलतोय असं वाटलं, आजही वाटतं. पण चाक बाईंचं होतं. मी त्यांना फोन केला, त्या आल्या, चाक घेऊन गेल्या. मुलाची त्या दिवशीची फेरी बुडू नये म्हणून मी दुकानातलं एक जुनं चाक त्याच्या सायकलला बसवलं आणि पैसे मागितले नाहीत. तो माझ्यावर फार रागावला होता. त्याचा राग मला समजतो. त्याने स्वतःच्या घामाचे पैसे घातले होते. तो पुन्हा दुकानात आला नाही. चोरीची झळ अशी दोन घरांना लागते, एक चाक गेलेल्याला आणि एक ते न कळत विकत घेतलेल्याला. यातली दुसरी माणसं कुणाच्या हिशेबात नसतात.

चाक गेलं म्हणून पोलिसांकडे फारसं कुणी जात नाही. जावं, असं माझं म्हणणं आहे, निदान लेखी नोंद करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. त्यात चोरलेली वस्तू ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावण्याची तरतूद आहे. साधं चाक बहुतेक वेळा त्याच किमतीत बसतं. मला ही तरतूद पटते. दुकानात भरल्या हवेचं चाक घेऊन येणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना तुरुंगापेक्षा कामाची सवय लागली तर बरं.

सगळ्यात मोठा फरक मात्र नटांनी किंवा किल्ल्यांनी पडत नाही, स्टँडने पडतो. खाचेत पुढचं चाक उभं करणारी स्टँडं शाळांत, सोसायट्यांत, दवाखान्यांत अजून सगळीकडे आहेत, आणि ती लोकांना चुकीच्या जागी कुलूप लावायलाच शिकवतात. त्याऐवजी जमिनीत रोवलेली, कमरेएवढी, लोखंडी पाइपची कमान हवी. तिला फ्रेम टेकते, एक कुलूप फ्रेम आणि चाक दोन्हींतून जातं, आणि एका कमानीला दोन सायकली उभ्या राहतात. आमच्या जवळच्या एका सोसायटीच्या अध्यक्षांना मी हे कागदावर काढून दाखवलं. त्यांनी सभेत मंजूर करून घेतलं, ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावलं, आणि जुन्या खाचा फोडून तिथे कमानी बसवल्या. पाइपला रंग लावताना वॉचमननेही हात लावला. शेजारच्या शाळेत अजून सिमेंटच्या खाचा आहेत. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी सहामाही परीक्षा संपल्यावर भेटायला बोलावलं आहे. मी तेच चित्र, मापं घालून, नव्याने काढून ठेवलं आहे.